देवीच्या दारात गोळीची अट

भाद्रपद सरत आला की म्हैसूरच्या बन्नीमंटप भागातल्या औषधाच्या दुकानांत एक मागणी वाढते. "पुढे ढकलायची गोळी द्या." औषधाचं नाव सांगावं लागत नाही आणि डॉक्टरांची चिठ्ठी सहसा कुणी मागत नाही. कधी बाई स्वतः येते, कधी नवऱ्याला पाठवते. कधी सासू सुनेसाठी नेते, तर कधी आई आठवी-नववीतल्या मुलीसाठी. इथल्या मराठी घरांतून हीच मागणी गौरी-गणपतीच्या आधी एकदा होऊन गेलेली असते. आता नवरात्र, आणि मग दिवाळी.

या गोळीचं समर्थन आता शिकलेसवरलेले लोक करू लागले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घरात वाद नको, म्हाताऱ्या माणसांचं मन दुखवायला नको, देवीचं सगळं यथासांग व्हावं आणि सुनेलाही कोपऱ्यात बसावं लागू नये. विज्ञानाने सोय करून दिली आहे, दिवसाला तीन गोळ्या, दहा-बारा दिवसांचा प्रश्न, कुणाचं काय बिघडतं? पूर्वीच्या बायकांना चार दिवस बाहेर बसावं लागायचं, आजची बाई गोळी घेऊन मखरासमोर बसते, म्हणजे ही प्रगतीच नाही का?

मला हे म्हणणं साफ अमान्य आहे. हा रूढीचा प्रश्न आहे, न्यायाचा प्रश्न आहे, हे खरंच. पण गोळीचे समर्थक विज्ञानाचं नाव घेतात, म्हणून मी उत्तरही शरीरापासूनच सुरू करते. पाळी कशाने येते आणि गोळी नेमकं काय थांबवते, हे एकदा नीट पाहिलं तर या तडजोडीच्या पायाखाली काहीच उरत नाही.

बन्नीमंटपाचं नाव मी मुद्दाम घेते आहे. विजयादशमीला अंबाविलास राजवाड्यातून निघालेली जंबूसवारीची मिरवणूक सुमारे पाच किलोमीटर चालून इथे पोचते. साडेसातशे किलोंच्या, सोन्याने मढवलेल्या अंबारीत चामुंडेश्वरी विराजमान असते. बन्नीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या झाडाला इथे मान असतो आणि रात्री मैदानावर मशालींचं संचलन होतं. याच भागात जेएसएस वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८४ पासून. स्त्रीच्या शरीराचं शास्त्र शिकवणारे वर्ग आणि देवीची मिरवणूक जिथे संपते ती जागा, दोन्ही एकाच वस्तीत. म्हैसुरातल्या मराठी घरांत घट बसतो आणि शेजारी गोंबे, म्हणजे बाहुल्याही मांडल्या जातात, दोन्ही भाषांमधली भक्ती एका खोलीत नांदते. दोन्हीकडचे पाळीचे नियमही एकत्र नांदतात, आणि तिथेच ही गोळी येते.

रक्त गर्भाशयातून येतं म्हणून पाळी गर्भाशयात ठरते असं आपण धरून चालतो. ती ठरते मेंदूत. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस दर तास-दीड तासाने एका संप्रेरकाचा छोटा झोत सोडतो. मेंदूतली ही अशी संप्रेरकं हुडकून काढल्याबद्दल रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चं नोबेल मिळालं. हा झोत ठरावीक अंतराने येतो तोवर पिट्युटरी ग्रंथी काम करते. तेच संप्रेरक सलग धारेने सोडत राहिलं तर ती गप्प होते. इतकी ही यंत्रणा नाजूक तालावर चालते. पिट्युटरीकडून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं बीजकोशाकडे जातात. तिथे काही पुटिका वाढू लागतात, त्यातली एक पुढे निघते आणि इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मग एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी पिट्युटरीला आवरून धरणारं इस्ट्रोजेन साधारण दोन दिवस वरच्या पातळीवर टिकलं की तेच तिला चेतवतं. एलएच एकदम उसळतं आणि उसळी सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत बीज बाहेर पडतं.

रिकाम्या पुटिकेचा मग पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. हे संप्रेरक अस्तराला स्थिर ठेवतं, गर्भ रुजण्याजोगं करतं, शरीराचं तापमानही किंचित वाढवतं. पीतपिंडाचं आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं. गर्भ राहिला तर त्याच्याकडून येणारं एचसीजी पीतपिंडाला जगवतं. नाही राहिला तर पीतपिंड मावळतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं, आणि अस्तराला धरून ठेवणारं काही उरत नाही. त्यातल्या नागमोडी धमन्या आकसतात, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात, अस्तराचा वरचा थर सुटतो. हीच पाळी. एका पाळीत जाणारं रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर असतं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त समजायचं. ते शिरांमधून वाहणारंच रक्त असतं, अस्तराच्या सुटलेल्या पेशींसह. त्यात साठवलेली घाण नसते, शरीराने महिनाभर गोळा केलेलं विषही नसतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा १९४० सालचा आहे. अमेरिकेत मार्की नावाच्या संशोधकाने ऱ्हिसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्यांच्या पुढच्या पोकळीत रुजवले आणि पारदर्शक बुबुळातून ते पाहत राहिला. संप्रेरकं ओसरली की डोळ्यातल्या त्या तुकड्यातल्या धमन्या आकसायच्या आणि तिथेही पाळीचा स्राव व्हायचा. अस्तर गर्भाशयात असो की डोळ्यात, ते रक्तातून आलेल्या निरोपाला उत्तर देतं. जागेला काही पवित्र-अपवित्र नसतं. पाळी म्हणजे एका संप्रेरकाची पातळी खाली आल्याची खूण, एवढंच.

विटाळाला वैज्ञानिक आधार शोधण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९२० मध्ये व्हिएन्नाच्या बेला शिक या डॉक्टरने असा दावा केला की पाळी आलेल्या बाईने हाताळलेली फुलं लवकर कोमेजतात, आणि तिच्या शरीरातून पाझरणाऱ्या एका विषाला त्याने 'मेनोटॉक्सिन' असं नावही दिलं. घटसर्पाच्या चाचणीसाठी नावाजलेला हा मोठा माणूस. तरीही असं विष कधी सापडलं नाही आणि शास्त्राने तो दावा सोडून दिला. आपल्याकडे मात्र लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, तुळशीला पाणी घालू नको, पापडाच्या पिठाजवळ येऊ नको, हे सगळं अजून चालू आहे. लोणचं बुरशीने आणि ओलाव्याने नासतं. कोरडा चमचा वापरला तर पाळीत काढलेलं लोणचंही वर्षभर टिकतं.

आता गोळीकडे येते. बहुतेक वेळा ती नॉरइथिस्टेरॉन असते, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम संप्रेरक. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत कार्ल जेरासी यांच्या हाताखाली लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा बनवलं. या साऱ्या रसायनशास्त्राची सुरुवात मेक्सिकोच्या रानटी कंदापासून झाली होती. पाळी अपेक्षित असेल त्याच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा पाच-पाच मिलिग्रॅम घेतलं की पीतपिंड मावळला तरी अस्तराला वाटतं प्रोजेस्टेरॉन अजून आहे. ते सुटत नाही. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे गोळी कुठलीही अशुद्धी दूर करत नाही. कोसळण्याचा क्षण ती फक्त पुढे सरकवते. तेच अस्तर, तेच शरीर, तेच रक्त. रक्त शरीराच्या आत असताना बाईने घटाला माळ घातलेली चालते, आणि तेच दोन चमचे बाहेर आले की चालत नाही, असा हा नियम आहे. त्याच्या रक्षणासाठी आपण निरोगी बाईला दिवसाला पंधरा मिलिग्रॅम संप्रेरक देतो आहोत.

नवरात्रात आपण कुमारिकेची पूजा करतो. पाळी न आलेली मुलगी देवीचं रूप, तिचे पाय धुवायचे, तिला जेवू घालायचं. मला यात आनंदच आहे. पण पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बाईच्या रक्तात काय असतं ते बघा. इस्ट्रोजेन त्या चक्रातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या आसपास, प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नाहीच. म्हणजे संप्रेरकांच्या हिशेबाने ती त्या लहान मुलीच्या जितकी जवळ या दिवसांत असते, तितकी महिन्यातल्या इतर कुठल्याही दिवशी नसते. तरी एकीच्या पायांवर पाणी घालायचं आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. "त्या दिवसांत बायकांची हार्मोन्स उसळलेली असतात म्हणून देवाजवळ येऊ नये" असं म्हणणाऱ्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल एकदा वाचावा. उसळी असते ती महिन्याच्या मध्यावर, आणि तेव्हा त्यांना कसलीच हरकत नसते.

ऊर्जेचा युक्तिवादही हल्ली जोरात आहे. पाळीत अपानवायू खाली वाहतो, मंदिरातली ऊर्जा वर खेचते, म्हणून बाईला त्रास होतो, असं व्याख्यानांतून सांगितलं जातं. त्रास होतो, पण तो प्रोस्टाग्लँडिनमुळे. गर्भाशयाचा स्नायू त्यांच्यामुळे आवळतो आणि ओटीपोटात कळा येतात. कळ घरातही तितकीच येते आणि बसच्या रांगेतही. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी ती कमी करते, कारण ती प्रोस्टाग्लँडिन बनण्यालाच आडकाठी करते. ऊर्जेच्या भाषेत या गोष्टीचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

गोळीवाले म्हणतात, क्वचित कधी घ्यावी लागते, त्यात काय एवढं. इथे थोडा हिशेब करू. नवरात्र-दसरा धरून दहा दिवस. पाळी साधारण पाच दिवसांची. दोन पाळ्यांमधलं अंतर घरोघरी २८ दिवस म्हणून पाठ केलं जातं, पण २०१९ मध्ये सहा लाखांहून जास्त चक्रांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सरासरी २९.३ दिवस निघाली. नेमक्या २८ दिवसांची चक्रं शंभरात तेराच्या आसपास होती. आता २९ दिवसांच्या चक्रात पाळी कुठल्या दिवशी सुरू झाली तर ती नवरात्रात कुठेतरी येईल? दहा दिवसांपैकी कुठल्याही दिवशी, किंवा घटस्थापनेच्या आधीच्या चार दिवसांत. म्हणजे २९ पैकी १४ दिवस. जवळजवळ निम्म्या बायकांची पाळी नवरात्राला भिडणारच. ही क्वचितची अडचण कशी म्हणायची? रूढीने देवीच्या सगळ्यात मोठ्या सणातून दर वर्षी पाळी येणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांना वगळण्याचा नियम केला आहे, आणि त्याचा भार औषधावर टाकला आहे.

पुढे आणखी एक गोष्ट आहे. आपला चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. गौरी भाद्रपद शुद्धात, घट अश्विन शुद्धात. चंद्राचा पाळीवर ताबा असतो असं मी म्हणत नाही, पण आकडे शेजारी-शेजारी पडतात. ज्या बाईचं चक्र साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास आहे आणि गौरीच्या दिवसांत जिची पाळी आली, तिची पुढची पाळी घटाच्या दिवसांत येण्याची शक्यता मोठी. दिवाळीचा हिशेब वेगळा. अश्विन वद्य त्रयोदशीच्या आसपास सुरू होणाऱ्या सणांत तिची पाळी येते की नाही हे गोळ्यांनी सरकवलेल्या तारखांवर अवलंबून राहतं. मग एकाच हंगामात दोनदा, तीनदा गोळ्या. मला माहीत असलेल्या घरांत हे झालेलं आहे, आणि त्या बायकांना कुणीही रक्तदाब विचारलेला नव्हता.

इथे मला सावकाश बोलायचं आहे, कारण गोळीचे विरोधकही पुष्कळ खोटं सांगतात. गोळी घेतली की रक्त आत साचून गाठ होते, बीजकोश थकतो, मूल होत नाही, असे संदेश फिरतात. हे खरं नाही. रक्त साचत नाही, अस्तर फक्त टिकून राहतं. गोळ्या थांबल्या की पाळी येते, आणि एखाद्या वेळच्या गोळ्यांनी पुढे मूल होण्यात अडथळा येतो याला आधार नाही. परीक्षा आहे, पोहण्याची स्पर्धा आहे, लांबचा ट्रेक आहे, म्हणून एखादी बाई स्वतःच्या सोयीसाठी डॉक्टरांना विचारून पाळी पुढे ढकलत असेल तर माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. शरीराच्या घड्याळावर बाईला थोडा ताबा मिळाला ही विसाव्या शतकाने दिलेली मोठी गोष्ट आहे.

पण निरुपद्रवी म्हणून ही गोळी वाटली जाते ते चूक आहे. नॉरइथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर तयार होणारं इस्ट्रोजेन सुमारे २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या तोडीचं असतं, म्हणजे नेहमीच्या संततिनियमनाच्या संयुक्त गोळीत असतं जवळपास तेवढं. म्हणून त्या गोळीला जी काळजी लागते ती हिलाही लागते. शिरेत पूर्वी गुठळी झालेली बाई, घरात कुणाला तसं झालेलं असेल ती, डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येऊन डोकं दुखणारी, यकृताचा आजार असलेली, स्तनाचा कर्करोग झालेली, जिला मधूनच रक्तस्राव होतो आणि कारण शोधलेलं नाही ती, या सगळ्यांना ही गोळी देऊ नये किंवा फार विचार करून द्यावी. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, दम लागला, छातीत दुखलं, तर गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा. शिवाय या पद्धतीने घेतलेली गोळी गर्भधारणा रोखत नाही. पाळी उशिरा येते आहे ती गर्भ राहिल्यामुळे असेल तर गोळीच्या नादात ते कळायला उशीर होतो. या गोष्टी दुकानाच्या फळीवर कुणी सांगत नाही. भारतात हे औषध चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. तो नियम उत्सवाच्या गर्दीत सगळ्यात आधी मोडला जातो.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलींबद्दल तर मला राग येतो. पहिली पाळी आल्यावर दोन-तीन वर्षं मेंदू, पिट्युटरी आणि बीजकोश यांची एकमेकांशी भाषा अजून जुळत असते. कित्येक चक्रांत बीज बाहेरच पडत नाही, तारखा मागेपुढे होतात. अशा मुलीची पाळी "तीन दिवसांनी येणार" हे कुणाला कळलं? अंदाजाने गोळ्या सुरू होतात, मध्येच रक्त दिसतं, मग दोन गोळ्या जास्त. जिच्या शरीराला आपली लय बसवायला शांतता हवी आहे, तिला पहिला धडा आपण हा देतो की तुझ्या शरीरात देवीला न चालणारं काहीतरी आहे आणि ते औषधाने दाबून ठेवायचं आहे. पुढे तिला पाळीत जास्त रक्त जाऊ लागलं, दर महिन्याला वेदनेने शाळा बुडू लागली, तर ती कुणाला सांगणार? एंडोमेट्रिओसिससारखं दुखणं ओळखायला वर्षं जातात. त्यामागे पाळीबद्दल न बोलण्याची सवयही आहे.

"पण ती स्वतःच्या मर्जीने घेते." हे उत्तर मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतं. मर्जी विचारायची तर दुसरा पर्याय खुला असावा लागतो. नवीन लग्न झालेली सून, पहिलं नवरात्र, सासरचं सगळं गोत जमलेलं, आणि आत्याबाई हळूच विचारतात, "सूनबाई, तुझी तारीख कधी?" तिच्यापुढे दोनच वाटा असतात. गोळी घे, नाहीतर पंचवीस माणसांना कळेल अशा रीतीने खोलीत बस आणि दिवसभर "हिला काय झालं" या नजरा झेल. या दोहोंतून निवडलेल्या गोळीला मी मर्जी म्हणत नाही. गोळी घेतली नाही म्हणून बाईला काहीही गमवावं लागणार नसेल, त्या घरात मी मर्जी हा शब्द मान्य करीन.

आणखी एक सौम्य समर्थन आहे. पूर्वजांनी बायकांना विश्रांती मिळावी म्हणून बाजूला बसवलं, म्हणे. विश्रांती द्यायची होती तर वेगळी ताटली, वेगळी चटई, शिवाशिव आणि चौथ्या दिवशीचं डोक्यावरून न्हाणं कशाला? गडचिरोलीच्या माडिया गावांमध्ये कुर्माघर असतं. गावाबाहेरची ती झोपडी. पाळीचे दिवस बाईने तिथे काढायचे, ऊन-पाऊस-साप काहीही असो. तिथे राहिलेल्या बाईला कुणी विश्रांतीचं सांगून बघावं. विश्रांती द्यायची असेल तर ती देण्याचे मार्ग दुसरे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांना महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा भरपगारी पाळीरजा देण्याचं धोरण मंजूर केलं. त्यावर वाद होऊ शकतात, पण तिथे बाईला दुखतं म्हणून सुटी मिळते. तिला शिवू नये म्हणून कुणी तिला घालवत नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि रजेचं नाव घेऊन विटाळाला झाकायचा प्रयत्न कुणी करू नये.

धर्माचं काय, असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच भाषेकडे पाठवते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना सांगितलं की शरीराच्या इतर द्वारांतून जसा स्राव होतो तसाच हाही एक स्राव, त्याचा विटाळ धरू नये. महानुभाव पंथात बायकांना हे बळ साडेसात शतकांपूर्वी मिळालं. चोखोबांची सोयराबाई चौदाव्या शतकात अभंगातून विचारत होती की विटाळ देहातच जन्मतो तर विटाळावेगळा देह कुणाचा आहे. मंदिराच्या पायरीशी अडवलेल्या बाईने विचारलेल्या त्या प्रश्नाला आजतागायत कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही. आसामात कामाख्येला आषाढात अंबुबाचीच्या दिवसांत देवी रजस्वला असते अशी श्रद्धा आहे. तीन दिवस देऊळ बंद ठेवतात आणि मग लाल वस्त्राचा प्रसाद घ्यायला लाखो लोक जमतात. म्हणजे भारतीय भक्तीत पाळीला एकच एक अर्थ कधी नव्हता. चामुंडेश्वरीच्या नावाने नियम सांगणाऱ्याने तो नियम आपल्या घरचा आहे एवढं तरी मान्य करावं.

आणि हे म्हैसूर आहे. १९३० मध्ये या संस्थानाने सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाची केंद्रं सुरू केली. सरकारने चालवलेली अशी केंद्रं तेव्हा जगात जवळपास कुठेच नव्हती. त्याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, खटले आणि बहिष्कार सोसत, १९२७ पासून १९५३ पर्यंत. बाईच्या शरीराबद्दल उघड बोलणं हा गुन्हा ठरवला जात होता अशा दिवसांत एका हिंदू राजाने ते बोलणं सरकारी दवाखान्यात आणलं. त्याच्या शहरात जवळपास शंभर वर्षांनी संप्रेरकाची गोळी बाईला स्वातंत्र्य देण्यासाठी कमी आणि तिला विटाळाच्या नियमात बसवण्यासाठी जास्त विकली जात असेल, तर याचं दुःख करणं हे मला कर्तव्य वाटतं.

म्हाताऱ्या आजीचं मन दुखवायचं का, हा शेवटचा प्रश्न मला मनापासून मान्य आहे. आजीशी भांडू नये. पण आजीला समजावण्याचं काम घरातल्या मुलीच्या यकृतावर आणि शिरांवर टाकू नये. ते काम मुलाने करावं, नवऱ्याने करावं, दरवर्षी संकल्प सोडणाऱ्या कर्त्या पुरुषाने करावं. घट बसण्याआधी त्याने एकदा सगळ्यांसमोर म्हणावं की या घरात तारीख विचारली जाणार नाही. माझ्या पाहण्यात असं म्हटलेल्या घरांतल्या आज्या पहिल्या वर्षी रुसल्या, दुसऱ्या वर्षी त्याच नातीला तांदळाचा डबा दे म्हणाल्या.

मग नवरात्रात पाळी आली तर काय करायचं, असं एखाद्या मुलीने विचारलं तर उत्तर साधं आहे. पॅड दर चार-सहा तासांनी बदलायचा, हात साबणाने धुवायचे. दुखत असेल तर काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनेची गोळी घ्यायची. रक्त फार जात असेल, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, तर सण संपायची वाट न पाहता तपासून घ्यायचं. घरात बसावंसं वाटलं तर बसायचं. आणि बरं वाटत असेल तर आरतीला यायचं, निरांजन लावायचं, जंबूसवारी बघायला बन्नीमंटपापर्यंत चालत जायचं.